ओटीपी म्हणजे आपला अंगठा

लाडकी बहीण योजनेच्या दीड हजारांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सुरू झाली, आणि लगोलग तिच्या नावाच्या बनावट वेबसाइटही निघाल्या. पान दिसायला तसंच, पण भरलेली माहिती चोराच्या हाती.

मग ओळखायचं कसं? वेबसाइटचा पत्ता बघा. तो 'महाराष्ट्र डॉट जीओव्ही डॉट इन' इथे संपायला हवा. पुढे तिरकी रेघ असली तर चालेल. पण लगेच आणखी एखादं 'डॉट कॉम' चिकटलं असेल, तर पान बंद करा.

ओटीपी कुणाला सांगू नका, हे आपण ऐकतो. पण ई-केवायसीला आधारचा ओटीपी लागतोच. म्हणून तो सांगण्याआधी मेसेज वाचा. ओटीपी कशासाठी आलाय, ते त्यात असतं. काम आधारचं आणि मेसेज बँकेचा, तर हात तिथेच थांबवा. वाचता येत नसेल तर गटातल्या मैत्रिणीकडून वाचून घ्या. कोऱ्या कागदावर आपण अंगठा देतो का? ओटीपीही तसाच.

आणि पैसे खात्यात यायला पिन कधीच लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात.

तरीही फसवणूक झालीच, तर घरचे रागावतील म्हणून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० ला फोन लावा. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी तक्रार पोचली, तर ते अडवता येतात. गटालाही सांगा, म्हणजे दुसरी बहीण वाचेल.