गाण्याखाली कोणाचे नाव?

(गिरड, जि. वर्धा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



भाद्रपद पौर्णिमेला विदर्भात घरोघरी भुलाबाई बसतात. तेथपासून कोजागिरीपर्यंत लहान मुली एका अंगणातून दुसऱ्या अंगणात जातात, टाळ्या-टिपऱ्यांच्या ठेक्यावर गाणी म्हणतात आणि शेवटी झाकलेल्या डब्यातला खाऊ ओळखतात. ही गाणी कोणी रचली, असा प्रश्न त्या अंगणात कधी कोणी विचारला नाही. विचारण्याचे कारणही नव्हते. ज्यांची गाणी, त्यांच्याच लेकी ती गात होत्या आणि त्यांच्याच सुना ती पुढे नेत होत्या.

आज परिस्थिती बदलली आहे. गाणे अंगणातून निघते, ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाते, गिटार आणि ड्रमच्या साथीने सजते आणि लक्षावधी श्रोत्यांपर्यंत पोहोचते. त्यातून कीर्ती मिळते, पैसाही मिळतो. म्हणूनच जो प्रश्न आजवर अनावश्यक होता, तो आज टाळता येत नाही. या गाण्याखाली नाव कोणाचे?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. लोकगीताला विदेशी वाद्याचा स्पर्श झाला की ते भ्रष्ट झाले, असे मानणारा एक वर्ग आहे. त्यांनी आपल्या गावच्या भजनी मंडळाकडे पाहावे. तेथे मांडीपुढे असलेली बाजाची पेटी मूळची युरोपातली. एकोणिसाव्या शतकात ती येथे आली आणि इतकी रुजली, की आज तिच्यावाचून भजनाची कल्पना करवत नाही. जो समाज पेटीला आपलीशी करू शकला, त्याने गिटारला घाबरण्याचे कारण नाही. वाद्य कोणते, हा प्रश्न गौण आहे. गाणारा त्या गाण्याशी कोणते नाते राखतो, हा खरा प्रश्न आहे.

मुंबईतील वेसावे म्हणजे वर्सोवा. तेथील कोळीवाड्यातून ‘वेसावकर आणि मंडळी’ हा संच उभा राहिला. लोकशाहीर काशीराम चिंचय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळीगीते आधुनिक वाद्यमेळात बसवली, आणि कॅसेटच्या जमान्यात ‘वेसावची पारू’ महाराष्ट्रभर गाजली. लग्नाची वरात असो वा शाळेचे स्नेहसंमेलन, त्या ठेक्यावाचून कार्यक्रम पूर्ण होईना. येथे गाणारे कोळी, गाणे कोळ्यांचे आणि संचाच्या नावातच गावाचे नाव. गाणे जगभर फिरले तरी त्याचा पत्ता हरवला नाही.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. ‘इंडियन ओशन’ या वाद्यवृंदाने 2000 साली ‘कंदिसा’ हा संग्रह काढला. त्यात नर्मदामाईचे ‘मा रेवा’ हे गीत आहे. त्या वृंदातील राहुल राम हे नर्मदा आंदोलनाच्या काळात त्या खोऱ्यात वावरले होते आणि हे गीत त्यांनी तेथेच ऐकले होते. आंदोलनाविषयी मतभेद असू शकतात, आहेतही. परंतु नदीच्या काठी राहून, तेथील माणसांत मिसळून गाणे ऐकणे आणि वातानुकूलित खोलीत बसून ते उचलणे, यांत अंतर आहे. बाहेरचा माणूसही गाण्याशी प्रामाणिक राहू शकतो, हे या उदाहरणाने दाखवले.

अलीकडे मुंबईच्या ‘अभंग रिपोस्ट’ या तरुणांच्या संचाने संतांचे अभंग रॉक पद्धतीने गायले. ज्येष्ठांच्या भुवया उंचावल्या. परंतु अभंगाची रचनाच अशी, की अखेरच्या चरणात तुकोबा, नामदेव, जनाबाई स्वतः उभे असतात. चाल बदलली, वाद्ये बदलली, तरी कवीची नाममुद्रा पुसता येत नाही. नावाचा मान राखण्याची शिस्त आपल्या परंपरेने इतकी आधीपासून घालून दिली आहे.

मात्र जात्यावरच्या ओवीला अशी नाममुद्रा नसते. भुलाबाईच्या गाण्याला नसते, पोळ्याच्या झडतीलाही नसते. आणि नेमक्या याच ठिकाणी ‘पारंपरिक’ हा शब्द कामाला येतो. शब्द निर्दोष आहे, पण सोयीचाही आहे. त्याच्या आड पुष्कळ काही लपवता येते.

‘द हाउस ऑफ द रायझिंग सन’ हे जुने लोकगीत ‘द अ‍ॅनिमल्स’ या इंग्लंडच्या पॉप संचाने 1964 साली ध्वनिमुद्रित केले. ते इंग्लंडमध्ये आणि अमेरिकेतही पहिल्या क्रमांकावर पोहोचले. वादक-गायक पाच, पण संयोजक म्हणून तबकडीवर नाव छापले गेले ते एकट्या अ‍ॅलन प्राइस या ऑर्गनवादकाचे. लेबलावर सर्वांची नावे मावत नव्हती, असे कारण सांगितले गेले. संयोजनाचे मानधन त्या एका नावामागे गेले आणि संचात कायमची कटुता राहिली. ज्या अनामिकांनी ते गीत पिढ्यान्‌पिढ्या गायले, त्यांचा तर विचारही कोणाच्या मनात आला नाही. लेबलावरची बोटभर जागा किती मोलाची असते, हे यावरून कळावे.

आपल्या देशातील उदाहरण याहून बोलके आहे. 2020 साली गायक बादशहा याचे ‘गेंदा फूल’ हे गाणे आले. त्यातील बंगाली ओळी लोकगीत म्हणूनच वापरल्या गेल्या होत्या. प्रत्यक्षात त्या बीरभूम जिल्ह्यातील रतन कहार या लोककलावंताच्या होत्या आणि कहार हयात होते, हलाखीत दिवस काढत होते. बंगालमधून आवाज उठल्यावर बादशहाने त्यांना पाच लाख रुपये दिले. पुढे 2024 साली भारत सरकारने रतन कहार यांना पद्मश्रीने सन्मानित केले. शेवट गोड झाला खरा. पण जिवंत माणसाला ‘परंपरा’ ठरवून मोकळे होता येते, हे त्यातून उघड झाले. प्रत्येक कहाराच्या मागे आवाज उठवणारा प्रांत असतोच असे नाही.

कायदा या बाबतीत काय म्हणतो? 1957 च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखक-कवीचा हक्क त्याच्या हयातीत आणि मृत्यूनंतर 60 वर्षे टिकतो. ज्या गाण्याचा कर्ता अज्ञात आणि काळ प्राचीन, त्यावर कोणाचाच असा हक्क उरत नाही. ते कोणीही गावे. परंतु ध्वनिमुद्रण करणाऱ्याला आपल्या मुद्रणावर 60 वर्षांचा हक्क मिळतो. म्हणजे गाणे गावाचे आणि मुद्रणाचा हक्क कंपनीचा. येथे एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने जाणून घ्यावी. गाणे तिचे स्वतःचे नसले, तरी गाणारी आजी कायद्याच्या दृष्टीने ‘कलावंत’ आहे. तिच्या गायनावर तिचा 50 वर्षांचा हक्क आहे आणि तिच्या संमतीवाचून ते गायन मुद्रित करून विकता येत नाही. ही तरतूद आहे. ती ठाऊक असणारे थोडे.

तथापि कायदा म्हणजे सर्वस्व नव्हे. आपल्याकडे देवऋण, ऋषिऋण आणि पितृऋण सांगितले आहे. ज्यांनी ज्ञान दिले त्यांचे स्मरण राखणे, हे ऋषिऋण फेडणे होय. जात्यावर बसून ओवी जोडणारी निरक्षर माउली या अर्थाने ऋषींच्याच पंक्तीतली आहे. तिचे ऋण फेडण्याची पहिली पायरी तिचे नाव घेणे ही आहे.

हे कसे करावे, याचा वस्तुपाठ महाराष्ट्रातच घालून दिला गेला आहे. पुण्यात हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. ‘पारी’ या संस्थेने 2017 पासून त्या प्रकाशात आणल्या. त्यांत ओवीसोबत गाणारीचे नाव, तिचे गाव, तालुका आणि जिल्हा नोंदलेला आढळतो. ‘पारंपरिक’ म्हणून जे एका शब्दात संपले असते, त्यामागे हजारो बायांची नावे आहेत, हे या कामाने सिद्ध केले. ओव्यांचे नष्टचर्य कोण्या पॉप संचाने ओढवलेले नाही, हेही येथे सांगितले पाहिजे. विजेची गिरणी आली, जाते थांबले आणि त्याबरोबर ओवीही थांबली. बाईचे कष्ट वाचले, हे चांगलेच झाले. पण कामाबरोबर गाणे गेले आणि ते टिपून ठेवण्याची बुद्धी घरच्यांना झाली नाही.

गिरडच्या डोंगरावर नारळ-सुपारीसारखे गोल दगड सापडतात. शेख फरीद बाबांची टिंगल करणाऱ्या दोन व्यापाऱ्यांच्या मालाचे दगड झाले, पुढे त्यांनी क्षमा मागितली तेव्हा बाबांनी वाळल्या पानांतून त्यांना नवा माल करून दिला, अशी कथा या परिसरात सांगितली जाते. भूशास्त्र दगडांची उत्पत्ती वेगळी सांगेल. ते शास्त्राचे काम. कथा कोणी रचली, हे कोणाला ठाऊक नाही, पण ती कुठली आहे, हे प्रत्येकाला ठाऊक आहे. ‘गिरडची कथा’ म्हणूनच ती सांगितली जाते. गाण्याच्या बाबतीत किमान इतके तरी व्हावे.

येत्या पोळ्याला शेतकरी झडत्या म्हणतील. त्यांत कापसाचा भाव असेल, सावकार असेल, यंदाचा पाऊस असेल. या झडत्या दरवर्षी नव्या होतात, म्हणूनच त्या जिवंत आहेत. घरातल्या शिकलेल्या मुलाने हातातल्या मोबाइलवर त्या मुद्रित कराव्यात. आजीची भुलाबाईची गाणी, आत्याची लग्नातली गाणी तिची परवानगी घेऊन नोंदवावीत. प्रत्येक गाण्याआधी गाणारीने आपले नाव, माहेर, सासर आणि गाणे कोणाकडून शिकली ते सांगावे. 1902 साली कोलकात्यात गौहर जानने पहिल्या तबकड्या मुद्रित करताना गाण्याच्या शेवटी स्वतःचे नाव उच्चारून ठेवले होते. सव्वाशे वर्षांनंतर ते नाव अजून ऐकू येते. गिरडच्या आजीलाही तेवढा मान द्यायला काही खर्च येत नाही.

आणि उद्या एखादा तरुण संच गिटार घेऊन या गावात आला, तर त्याला दार लावू नये. त्याला चहा द्यावा, आजीपुढे बसवावे, गाणे शिकवावे. रात्रभर चालणारा गोंधळ चार मिनिटांत बसत नाही, हेही त्याला दाखवावे. निघताना मात्र एवढे लिहून घ्यावे: गाण्याखाली आजीचे नाव येईल, गिरडचे नाव येईल आणि मिळकतीतला वाटा गावाकडे परत येईल. तो खरा कलावंत असेल, तर आनंदाने सही करील.