काढा, चूर्ण आणि डॉक्टरची गोळी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत कोणी गाणे म्हणते, कोणी नवा पदार्थ सांगते. मला चार शब्द बोलण्याचा आग्रह झाला, तेव्हा मी औषधाचा विषय निवडला. मी डॉक्टरीण नाही, वैद्यही नाही. सातवीपर्यंत शिकलेली गृहिणी आहे. परंतु घरातील औषधांचा कारभार शेवटी आपणा बायकांच्याच हाती असतो. कोणाला कोणती गोळी जेवणाआधी, कोणाला कोणते चूर्ण रात्री गरम पाण्यातून, हे सारे आपल्याच ध्यानात असते. म्हणून या विषयावर दोन शब्द बोलण्याचा आपणा सर्वांनाच अधिकार आहे असे मी समजते.

आपले सदर हे सर्व तऱ्हेच्या लोकांचे आहे. मराठी, सिंधी, ख्रिस्ती, मुसलमान अशी घरे येथे शेजारी शेजारी नांदतात. आणि प्रत्येक घराचा आपापला बटवा आहे. कोणाकडे वैद्याची पुडी, कोणाकडे हकिमाचे माजून, कोणाकडे आजीबाईचा काढा. त्याच घरात रक्तदाबाची, साखरेची, थायरॉईडची गोळीही असते. दोन्ही औषधे एकाच फळीवर ठेवलेली असतात आणि एकाच पोटात जातात. पण डॉक्टरांना पुडीची वार्ता नसते आणि वैद्यांना गोळीची नसते. आज मला सांगायचे आहे ते एवढ्यापुरतेच.

प्रथम एक समजूत बाजूला ठेवू या. "झाडपाल्याचे आहे, गुण नाही आला तरी अपाय तर होणार नाही," असे आपण सहज बोलून जातो. परंतु ज्यात गुण करण्याची शक्ती आहे, त्यात अपाय करण्याचीही शक्ती असणारच. सर्पगंधेचेच पाहा. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो हे विलायतेतील वैद्यकीय मासिकात मांडले, आणि साऱ्या जगाचे डोळे तिच्याकडे लागले. पुढे त्याच मुळीच्या औषधाने काही रोग्यांचे मन फार खिन्न होते, हेही दिसून आले. चीनमधील गोष्टही तशीच आहे. १९३८ साली भारतातून जे वैद्यकीय पथक चीनला गेले, त्यात सोलापूरचे डॉ. कोटणीस होते आणि आपल्या नागपूरचे डॉ. चोळकरही होते. त्याच चीनमधील तू यूयू या संशोधक बाईंनी जुन्या ग्रंथाचा धागा धरून एका वनस्पतीतून मलेरियाचे औषध काढले. त्यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले, आणि त्याच जातीची औषधे आज आपल्याकडेही मलेरियाच्या रोग्यांना देतात. तेव्हा झाडपाला हा दुबळा नव्हे. तो औषध आहे. आणि औषध म्हटले की दुसऱ्या औषधाशी त्याचे जमते की नाही, हे पाहावेच लागते.

आपल्या आयुर्वेदाला ही गोष्ट नवी नाही. वैद्य पुडी देताना "मधातून घ्या," "तुपातून घ्या," असे सांगतात, त्यालाच अनुपान म्हणतात. कशाबरोबर घेतले यावर औषधाचे काम बदलते, हे आपल्या शास्त्राने केव्हाच ओळखले होते. विरुद्ध आहाराचा विचारही त्यातलाच. मग तुपाचा आणि मधाचा विचार करायचा, आणि रोजच्या रोज पोटात जाणाऱ्या डॉक्टरच्या गोळीचा मात्र करायचा नाही, हे कसे चालेल?

आता ही औषधे एकमेकांशी भांडतात ती कशी, ते मला समजले तसे सांगते.

पहिला प्रकार म्हणजे दोघांनी मिळून एकाच बाजूला ओढणे. साखरेच्या आजारात डॉक्टर गोळी देतात. आपण वरून मेथ्या, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचे चूर्ण, गुडमार घेतो. गोळीही साखर उतरवते, चूर्णही उतरवते. एखाद्या दिवशी उपास असला किंवा जेवणाला उशीर झाला, की घाम सुटतो, हातपाय कापतात, डोळ्यांपुढे अंधेरी येते. घरचे म्हणतात अशक्तपणा आला. खरे म्हणजे साखर फार खाली गेलेली असते. रोग्याला शुद्ध असेल तर अशा वेळी चमचाभर साखर किंवा गूळ लगेच द्यावा, आणि डॉक्टरांना चूर्णाचे नाव सांगावे.

रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीचे तर फारच नाजूक आहे. आमच्या सासूबाईंच्या हृदयाची झडप बदललेली आहे. त्यांना ती गोळी रोज लागते आणि ठरलेल्या वेळी रक्त तपासून गोळीचे माप ठरते. रक्त दाट झाले तर झडपेवर गाठ धरते. फार पातळ झाले तर रक्तस्राव होतो. अगदी तारेवरून चालण्यासारखे आहे. समाचाराला येणारी माणसे प्रेमाने लसणीच्या कॅप्सूल आणतात, हळदीच्या गोळ्या आणतात. स्वयंपाकातल्या लसूण-हळदीला कोणाची ना नाही. परंतु गोळ्यांतून होणारा मोठा डोस वेगळा. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी १९९० च्या दशकात हाच अनुभव नोंदवून ठेवला आहे. तेथील रोग्यांनी रक्त पातळ करणाऱ्या गोळीबरोबर 'दानशेन' नावाच्या चिनी मुळीचे औषध घेतले, आणि त्यांचे रक्त नको तितके पातळ झाले. पालेभाजीचे उलट आहे. पालक-मेथीतील एक जीवनसत्त्व या गोळीच्या विरुद्ध काम करते. म्हणून पालेभाजी बंद करायची नाही. पण एक आठवडा मुळीच नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज, असे करायचे नाही. आमच्याकडे तिचे प्रमाण सारखे ठेवतो.

दुसरा प्रकार म्हणजे एकाने बांधायचे आणि दुसऱ्याने सोडायचे. जेष्ठमध ही आपली आवडती काडी. चिनी वैद्यही ती पुष्कळ औषधांत घालतात. हॉलंडमध्ये १९४० च्या दशकात पोटातील व्रणासाठी रोग्यांना जेष्ठमधाचा अर्क देऊन पाहिला. व्रणाला आराम पडला, पण काही रोग्यांच्या अंगावर सूज चढली. याचे कारण असे की जेष्ठमध फार दिवस आणि फार प्रमाणात घेतले तर अंगात मीठ-पाणी साठते, पोटॅशियम नावाचा क्षार कमी होतो आणि रक्तदाब वाढतो. इकडे गोळीने दाब उतरवायचा आणि तिकडे काढ्याने चढवायचा! त्यात लघवी साफ करणारी गोळी चालू असेल तर तिनेही पोटॅशियम कमी होते, आणि हृदयाचे ठोके चुकण्याची भीती असते. घसा बसला म्हणून एखादे दिवशी काडी चघळली तर काही बिघडत नाही. महिनोन् महिने काढा घेणाऱ्या रक्तदाबवाल्या बाईने मात्र विचारूनच घ्यावा.

तिसरा प्रकार शोषणाचा. इसबगोल पोटात फुगतो आणि गोळीला आपल्यात धरून ठेवतो, म्हणून गोळी आणि इसबगोल यांत दोन तासांचे तरी अंतर असावे. थायरॉईडची गोळी सकाळी उपाशीपोटी घ्यायची असते. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यानंतर चार तासांनी घ्यावी. अश्वगंधेने तर थायरॉईडचे प्रमाणच बदलू शकते, म्हणून ती गोळी चालू असताना अश्वगंधा न विचारता घेऊ नये. झोपेची गोळी असेल तर अश्वगंधेने गुंगीही वाढते.

फळांचेही एक कोडे आहे. कॅनडातील डॉक्टरांना १९८९ साली योगायोगाने कळले की ग्रेपफ्रूट नावाच्या फळाच्या रसाने रक्तदाबाची एक गोळी फारच जोराने काम करते. आतड्यात आणि यकृतात औषधाची विल्हेवाट लावणारे जे द्रव्य असते, त्याला हा रस आडवा येतो. परिणामी एक गोळी दोन-तीन गोळ्यांसारखी चढते. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांचेही तसेच होते. आता आपणा नागपूरकरणींना प्रश्न पडणारच की आमच्या संत्र्याचे काय? तर भगिनींनो, संत्री खुशाल खा. त्यात हा दोष नाही. पपनस मात्र ग्रेपफ्रूटच्या नात्यातले आहे, तेव्हा अशा गोळ्या घेणाऱ्यांनी त्याबद्दल डॉक्टरांना विचारावे.

चौथा प्रकार सर्वांत वाईट. पुडीवर लिहिलेले एक आणि आत दुसरेच. बेल्जियमच्या ब्रुसेल्स शहरात १९९० च्या सुमारास एका दवाखान्यात बायकांना वजन उतरवण्यासाठी विलायती औषधे आणि चिनी मुळ्या एकत्र करून देत असत. दोन मुळ्यांची चिनी नावे एकमेकींसारखी होती. एकीच्या जागी दुसरी, विषारी मुळी आली. शंभराहून अधिक जणींच्या किडन्या बिघडल्या, कित्येकींना डायलिसिसवर जावे लागले. नावाचा घोटाळा केवढा महाग पडला पाहा! आपल्याकडेही सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्या मिळतात. एका दिवसात दुखणे पळाले तर आनंद करण्याआधी संशय घ्यावा, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले सापडले आहे. त्याने साखर आणि रक्तदाब दोन्ही वाढतात; आणि फार दिवस घेऊन एकदम बंद केले तरी धोका असतो. तेव्हा ती पुडीच डॉक्टरांना नेऊन दाखवावी.

आता गुळवेलीबद्दल बोलायला हवे. कोरोनाच्या साथीत, २०२० साली, आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ यांचा काढा घेण्याचा सल्ला दिला होता. लोकांनी त्यात आपल्या मनाने भर घातली आणि घरोघर गुळवेल उकळू लागली. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यावर यकृताला सूज आलेल्या सहा रोग्यांची हकीकत प्रसिद्ध केली. पुढे इतर शहरांतूनही तशा नोंदी आल्या. मंत्रालयाने ते म्हणणे मान्य केले नाही. गुळवेलीसारखी दिसणारी दुसरी वेल वापरली गेली असेल, असा त्यांचा आक्षेप होता. वाद तज्ज्ञांचा आहे, मी त्यात पडत नाही. पण दोन्ही बाजूंनी विचार केला तरी आपल्यापुरते तात्पर्य एकच निघते. कुंपणावरची वेल ओळखल्याशिवाय उकळू नये, आणि जाणत्याला विचारल्याशिवाय महिनोन् महिने पिऊ नये.

त्याच सुमारास आमच्या मोहल्ल्यातील एका बाईंचे डोळे पिवळे झाले. दवाखान्यात डॉक्टरांनी तीनदा विचारले, "आणखी काही औषध घेता का?" बाई तीनदा म्हणाल्या, "काही नाही." त्या खोटे बोलत नव्हत्या. काढा हे औषध आहे असे त्यांना वाटतच नव्हते! चौथ्या दिवशी सून म्हणाली, "डॉक्टरसाहेब, आई तीन महिन्यांपासून रोज सकाळी गुळवेल घेतात." काढा बंद झाला, आणि हळूहळू बाई बऱ्या झाल्या. काढ्यानेच झाले असे मी ठामपणे म्हणत नाही. पण ती माहिती डॉक्टरांना पहिल्याच दिवशी मिळायला हवी होती, एवढे खरे.

आपण सांगत का नाही? एक तर आठवत नाही. दुसरे म्हणजे डॉक्टर रागावतील ही भीती. काही डॉक्टर रागावतातही, हे मी नाकारत नाही. पण रागावून घेणे परवडते. आणि वैद्यांकडे गेलो की डॉक्टरच्या गोळ्यांचा विषय काढायला आपल्याला संकोच वाटतो. खरा जाणता वैद्य त्याने मुळीच रागावणार नाही. उलट तेच आधी विचारील. आपल्या नागपुरात सक्करदऱ्याला शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे, इकडे मेयो आहे; दोन्हीकडे शिकलेली माणसे आहेत. विचारायचे सोडून इतवारीच्या किराणा ओळीतून ऐकीव नावाची मुळी आणायची, हे शहाणपण नव्हे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. प्रत्येक घरात एक वही करावी. घरातील प्रत्येक माणसाचे एक पान. त्यावर गोळ्या, इंजेक्शने, चूर्ण, काढा, आसव, लेप, ताकदीची पावडर, सारे लिहावे. केव्हापासून आणि किती, तेही लिहावे. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी सगळ्या बाटल्या आणि पुड्या पिशवीत घालून न्याव्यात. हीच वही डॉक्टरांपुढे ठेवायची, हीच वैद्यांपुढे, आणि औषधाच्या दुकानातही. नवीन काही सुरू करायचे तर एका वेळी एकच करावे, म्हणजे कशाने काय झाले ते कळते. चूर्णाने बरे वाटले म्हणून रक्तदाबाची, साखरेची किंवा फिटची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. ऑपरेशन ठरले तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना आधीच वही दाखवावी. काही औषधे दोन आठवडे अगोदर थांबवावी लागतात. पोटुशी आणि अंगावर पाजणाऱ्या सुनांना तर विचारल्याशिवाय काही देऊ नये, मग आपल्या आजीने दिलेले असले तरी. आयुर्वेदिक औषध घेताना डबीवर परवाना क्रमांक, घटक आणि मुदत छापलेली आहे ना, हे पाहावे.

कोणत्याही औषधाने अपाय झाला असे वाटले तर प्रथम डॉक्टर गाठावा. त्यानंतर १८००-१८०-३०२४ या बिनपैशाच्या सरकारी क्रमांकावर ते कळवताही येते. आपल्या एका निरोपाने परक्या घरची एखादी बाई वाचू शकेल.

भगिनींनो, मी काढ्याच्या विरुद्ध नाही आणि गोळीच्याही विरुद्ध नाही. माझ्या घरात दोन्ही आहेत. फक्त दोघांची एकमेकांशी ओळख करून देणारे घरात कोणी तरी हवे, आणि ते काम आपल्याशिवाय दुसरे कोणी करणार नाही. मंडळाने येत्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून एकेक कोरी वही द्यावी, अशी माझी नम्र सूचना आहे. खर्च थोडा, आणि उपयोग जन्माचा.