भीमा-घोडीचं माहेर

दौंडची भीमा आणि शिरूरची घोड, दोघींचं माहेर भीमाशंकरकडच्या सह्याद्रीत. तिकडं धो-धो पाऊस. आपल्याकडं ढग येतात ते रिते होऊनच. त्या रानात अंजनी, जांभूळ, हिरडा. उतारावर कारवी, ७-८ वर्षांनी एकदाच फुलणारी. १९८५ साली तिथं अभयारण्य झालं, शेकरूसाठी.

हिरडा तर आपल्या बाळघुटीतला! कोवळी फळं उतरवून, वाळवून महादेव कोळी बाया बाळहिरडा विकतात. झाड तोडलं तर पैसा एकदाच, आणि उतारावरची माती वाहत डिंभे, चासकमान धरणांत येते. तेच पाणी आपल्या पाटाला.

हिरडा आपण दुकानातून घेतोच. यंदा तिकडच्या बचतगटाकडून थेट घ्यायचा का, हे आम्ही येत्या बैठकीत विचारणार आहोत. किती लागेल, घरी मोजून या.