तेल गळतं खाली, दुखणं असतं वर

(मंडळाच्या गणेशोत्सवात, सायंकाळच्या कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर, नाट्यसंगीतावर, सीमाभागातल्या मराठी शाळांवर व्याख्यानं झाली. आज मी बोलणार आहे गाडीच्या इंजिनातून गळणाऱ्या तेलावर. कार्यवाहांनी विषय ऐकला आणि दोनदा विचारलं, "नक्की हाच ना?" मी म्हटलं, नक्की हाच. कारण या विषयाची सुरुवातच आपल्या मंडपाच्या दारात झाली आहे.

आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल, दोन वर्षांपूर्वी आपला गणपती नेहमीप्रमाणे आमच्या अण्णांच्या फियाटमधून आला. कागदोपत्री ती 1978 सालची प्रीमियर पद्मिनी, पण आपल्याकडे तिला फियाटच म्हणतात. मूर्ती उतरवली, आरती झाली, गाडी मागे घेतली, तर सकाळपासून बसून भगिनींनी काढलेल्या रांगोळीच्या मधोमध काळ्या तेलाचे पाच-सहा ठिपके! कोणी काही बोललं नाही, पण पुढच्या वर्षी छोटा टेम्पो सांगावा, असं कोणीतरी हळूच सुचवलं. ते अण्णांच्या कानावर गेलं. अण्णा तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांचे. घरी आल्यावर एवढंच म्हणाले, "भंगारवाल्याला बोलावून घे. लोकांना त्रास नको."

मंडळी, ज्या माणसानं चाळीस वर्षं ती गाडी पुसली, त्याच्या तोंडचं हे वाक्य होतं. आमच्या बहिणीची पाठवणी या गाडीतून झाली. दरवर्षी दत्तजयंतीला हुमनाबादला माणिकनगरची वारी या गाडीतून झाली. ती बनवणारी प्रीमियर ऑटोमोबाईल्स 1944 साली काढली वालचंद हिराचंदांनी, म्हणजे आपल्या शेजारच्या सोलापूरच्या माणसानं. त्याआधी 1940 साली बंगळुरूला विमानाचा कारखाना उभा करणारेही तेच. त्यामुळे अण्णांच्या लेखी ही गाडी म्हणजे सोलापूर, मुंबई आणि म्हैसूर संस्थान या तिघांचं एकत्र नाव होतं.

बरं, मी काही केलं नव्हतं असं नाही. त्या आधीच्या वर्षात एका गॅरेजमध्ये दोनदा चेंबरचं पॅकिंग बदलून घेतलं होतं. तेल इंजिनाच्या खालून, गिअरबॉक्स जिथं जोडतो तिथून ठिबकत होतं, म्हणून खालचंच पॅकिंग बदललं. दोन्ही वेळा आठ दिवसांत पुन्हा ठिबक सुरू. तिसऱ्यांदा सांगण्यात आलं की मागचं ऑइल सील गेलंय, गिअरबॉक्स उतरवावा लागेल, जमल्यास इंजिनही बांधून घ्या. आकडा ऐकून मी गाडी घरी आणली.

शेवटचा उपाय म्हणून बीदरच्या एका वयस्कर उस्तादांकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि पाना हातात घ्यायच्या ऐवजी म्हणाले, "पैले धो के लाओ. मिट्टी में क्या दिखता?"

आपल्या भागातली तांबडी जांभ्याची धूळ तुम्हाला माहीत आहे. गळक्या इंजिनावर ती बसली की तेल आणि माती यांचा बोटभर लेप तयार होतो. त्या लेपाखाली तेल कुठून निघतं आणि कुठं जातं हे कुणालाच दिसत नाही. शिवाय तेल जागेवर थांबत नाही. उतारानं खाली येतं आणि गाडी धावताना वाऱ्यानं मागे ढकललं जातं. म्हणून ठिबक नेहमी खाली आणि मागे दिसते, आणि उगम बहुतेक वेळा वर आणि पुढे असतो.

हे ऐकताना मला आपल्या नौबादची सुरंगबावी आठवली. बहमनी काळातला तो भूमिगत पाण्याचा मार्ग. पाणी बाहेर दिसतं एका ठिकाणी, पण ते जमिनीखालून कुठून कुठून चालत आलेलं असतं. मधल्या उभ्या विहिरींतून डोकावत गेलात तरच त्याचा माग लागतो. तेलाचंही तसंच. दिसलं तिथं बुजवायचं नाही, माग काढत वर जायचं.

आता प्रत्यक्ष काय केलं ते क्रमानं सांगतो, म्हणजे ज्यांच्या दारात जुनी गाडी आहे त्यांना उपयोग होईल.

पहिलं, इंजिन पूर्ण थंड असताना डिझेल आणि ब्रशनं धुतलं. पेट्रोल अजिबात वापरू नका, एक ठिणगी पुरते. धुण्याआधी डिस्ट्रिब्युटर आणि कार्ब्युरेटरचं तोंड प्लॅस्टिकनं झाकलं. मग साबणाचं पाणी, मग कोरडं फडकं, आणि दिवसभर वाळवलं.

दुसरं, पूर्ण कोरड्या इंजिनावर उस्तादांनी साधी टाल्कम पावडर भुरभुरली. आमच्या सौभाग्यवतींचा नवा डबा त्यात संपला, ते असो. मग गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून आणली आणि बॅटरी व छोटा आरसा घेऊन बघितलं. पांढऱ्या पावडरीवर तेलाची पहिली ओली रेघ लगेच उठून दिसते. आमची रेघ सुरू होत होती अगदी वर, टॅपेट कव्हरच्या मागच्या कोपऱ्यात. तिथून ती इंजिनाच्या पाठीवरून उतरत गिअरबॉक्सच्या जोडापर्यंत जात होती. ज्या चेंबरचं पॅकिंग दोनदा बदललं, ते कोरडं ठणठणीत होतं!

पण उस्ताद तिथंही थांबले नाहीत. पॅकिंग फुटलं का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. त्यांनी इंजिन चालू ठेवून तेल ओतायचं झाकण काढलं. आतून फुसफुस करत हवा बाहेर येत होती. इंजिनाच्या आत पिस्टनच्या रिंगांजवळून थोडा वायू खाली निसटतोच, तो बाहेर जायला ब्रीदरची नळी असते. आमची नळी आतून काळ्या गाळानं भरली होती आणि जुनं रबर मऊ पडून चपटं झालं होतं. हवेला वाट नाही, म्हणून ती तेलाला घेऊन जिथं फट मिळेल तिथून बाहेर पडत होती. नवीन पॅकिंग घातलं असतं तरी तिनं ते काही दिवसांत ढकललं असतं. नळी मोकळी करूनही झाकणातून जोरात धूर येत राहिला तर मात्र रिंगा झिजल्या असं समजावं. तेव्हा इंजिन उघडण्याला इलाज नाही.

नळी बदलली. टॅपेट कव्हर काढलं. जुनं बुचाचं पॅकिंग बिस्किटासारखं तुटत होतं. ते छिन्नीनं खरवडू नका, खालचं हेड ॲल्युमिनियमचं आहे, एक ओरखडा म्हणजे नवी गळती. झाकण काचेवर पालथं ठेवून त्याची कड सरळ आहे का पाहिलं. कुणीतरी पूर्वी नट आवळून आवळून कड वाकवली होती, ती लाकडी ठोकळ्यावर हलक्या हातानं सरळ केली. नवं पॅकिंग दुकानात पडून आखडलं होतं, ते थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवलं, मऊ झालं, बरोबर बसलं. नट आधी बोटांनी, मग पान्यानं आळीपाळीनं थोडे थोडे. इथंच आपण सगळे चुकतो. गळतंय म्हटलं की आवळतो. जास्त आवळलं की बूच चेपून बाहेर येतं आणि पत्रा वाकतो. सिलिकॉनचा लेपही थापू नये. आत गेलेला तुकडा तेलाच्या पंपाच्या जाळीत अडकला तर गळतीपेक्षा मोठं नुकसान होतं.

इतर गाड्यांसाठी दोन गोष्टी. तेल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपेक्षा जास्त भरू नका, जादा तेल स्वतःच वाट शोधतं. आणि ज्यांच्याकडे जुन्या 1489 सीसी इंजिनाची अँबॅसडर आहे, त्यांनी मागच्या ठिबकीचा फार धसका घेऊ नये. त्या इंजिनात मागे रबरी सील नसतंच. क्रँकच्या दांड्यावर आटे कोरलेले असतात, ते फिरताना तेल परत आत ढकलतात. उभ्या गाडीतून एखादा थेंब येणं हा तिचा स्वभाव आहे. पण क्लच घसरायला लागला, करपट वास आला, किंवा तेल तापलेल्या सायलेन्सरवर पडत असलं, तर त्याच दिवशी गाडी थांबवा. ऑइलचा लाल दिवा लागला तर घरापर्यंतसुद्धा नेऊ नका. आणि नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नका, स्टँड लावा.

खर्च म्हणाल तर एक पॅकिंग, एक नळी आणि उस्तादांची मजुरी. गिअरबॉक्स उतरवावा लागला नाही.

त्या रात्री अण्णांनी स्वतः वाकून गाडीखाली वर्तमानपत्र पसरलं. सकाळी मी उठायच्या आधीच ते कागद हातात घेऊन कट्ट्यावर बसले होते. त्यावर दोन थेंब होते. मी हिरमुसलो आणि उस्तादांना फोन केला. ते हसले. "साब, इत्ता पसीना तो बुढ़ापे में आताइच." अण्णांनी ते ऐकलं आणि कित्येक दिवसांनी मोकळेपणानं हसले. भंगारवाल्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

गेल्या वर्षी गणपती त्याच गाडीतून आला. यंदाही आला. अण्णा पुढच्या सीटवर होते. मंडपापाशी गाडी थांबवण्याआधी मी खाली जुना पुठ्ठा टाकला होता, हे तुम्ही पाहिलं असेलच. पावसाळ्याचे दिवस आहेत, ओल्या रस्त्यावर तेलाचा थेंब म्हणजे एखाद्या दुचाकीवाल्याचं हाड मोडायला पुरेसं कारण. आणि काढलेलं जुनं तेल गटारात ओतू नका, डबा भरून गॅरेजला द्या.

आपल्यापैकी चार-पाच घरांच्या दारात अजून अशा गाड्या ताडपत्रीखाली उभ्या आहेत, हे मला ठाऊक आहे. काही चालतील, काही चालणार नाहीत. पण भंगारवाल्याला फोन करण्याआधी एकदा इंजिन धुऊन बघा. विसर्जनानंतरच्या रविवारी मी मोकळा आहे. आरसा आणि बॅटरी माझी, पावडर मात्र तुमच्या घरची.

गणपती बाप्पा मोरया!