रुग्णालय चालविण्याचे शिक्षण

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



धर्मादाय रुग्णालय म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर तीन व्यक्ती उभ्या राहतात : दान देणारा, उपचार करणारा आणि उपचार घेणारा. या तिघांना जोडणारा चौथा माणूस, म्हणजे रुग्णालय चालविणारा, सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. आज त्याच्या शिक्षणाविषयी बोलावयाचे आहे.

हा विषय विद्यापीठात शिकविला जाऊ लागला, त्याला आता नव्वद वर्षे होऊन गेली. अमेरिकेतील शिकागो विद्यापीठाने १९३४ साली रुग्णालय प्रशासनाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला. मायकेल डेव्हिस हे त्याचे प्रवर्तक. आपल्याकडे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत तो डॉक्टरांसाठी आहे, तर मुंबईत देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत इतर शाखांच्या पदवीधरांनाही तो खुला आहे. वैद्यकीय प्रवेश हुकला म्हणून खचून जाणाऱ्या मुलामुलींनी, आणि त्यांच्याहून अधिक खचणाऱ्या पालकांनी, हे ध्यानात घ्यावे.

तेथे शिकवितात काय? लेखाकर्म, मनुष्यबळ, कायदा, संख्याशास्त्र, औषधभांडाराची व्यवस्था. यादी रुक्ष वाटेल, म्हणून एक हिशेब मांडतो. ५० खाटांच्या रुग्णालयात वर्षाला १८,२५० खाट-दिवस उपलब्ध असतात. रुग्ण सरासरी ५ दिवस राहत असेल, तर सर्व खाटा सदैव भरलेल्या धरूनही वर्षाला ३,६५० रुग्णांचीच सोय होते. आता हे ५ दिवस कशात जातात ते पाहावे. तपासणीचा अहवाल संध्याकाळी येतो, शस्त्रक्रियागृह सकाळी रिकामे राहते, घरी सोडण्याचा कागद सहीवाचून पडून असतो. हे अडथळे दूर होऊन सरासरी ४ दिवसांवर आली, तर रुग्णसंख्या साडेचार हजारांवर जाते. एकही खाट न वाढविता नऊशे माणसांना जागा मिळते! अर्थात, बरा न झालेला रुग्ण घाईने घरी पाठवून हा आकडा गाठता येतो, हेही खरे. म्हणून पुन्हा दाखल होणाऱ्यांची नोंद ठेवण्यास याच अभ्यासक्रमात शिकवितात.

मदुराईचे अरविंद नेत्र रुग्णालय डॉ. जी. वेंकटस्वामी यांनी १९७६ साली अवघ्या ११ खाटांवर सुरू केले. एका रुग्णाची शस्त्रक्रिया चालू असताना शेजारच्या टेबलावर दुसऱ्याची तयारी पूर्ण झालेली असते. शल्यविशारदाचा वेळ वाया जात नाही. पैसे देणाऱ्यांच्या उत्पन्नातून न देऊ शकणाऱ्यांचे उपचार होतात. तेथील करुणेला कामाच्या आखणीची जोड मिळाली, हे आपण समजून घेतले पाहिजे.

आपल्या राज्यात तर कायद्यानेही हे ज्ञान आवश्यक ठरविले आहे. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य व १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवावयाच्या असतात. इतर रुग्णांच्या एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावयाची असते. हा हिशेब चोख ठेवणारा आणि दारी आलेल्या गरिबाला कागदपत्रे समजावून सांगणारा माणूस नसेल, तर राखीव खाट रिकामी राहते आणि गरीब माघारी जातो.

असा माणूस मिळत मात्र नाही. शिकून बाहेर पडलेली मुले मोठ्या खाजगी रुग्णालयांकडे वळतात. त्यांना दोष देणे मला योग्य वाटत नाही. यंत्रासाठी देणगी देणारे पुष्कळ असतात, कारण यंत्रावर नावाची पाटी लागते. व्यवस्थापकाच्या वेतनावर पाटी कोठे लावणार?

विश्वस्तांपुढे म्हणून एक विनंती ठेवतो. उच्च शिक्षणासाठी शिष्यवृत्ती देताना या अभ्यासक्रमाचाही विचार व्हावा, आणि शिकून आलेल्या विद्यार्थ्यास धर्मादाय रुग्णालयात निदान दोन वर्षे योग्य वेतनावर काम मिळेल, अशी तरतूद त्याच ठरावात असावी.