तारापूरच्या भट्टीचें सरपण

सरपण म्हटलें म्हणजे गृहिणीच्या डोळ्यांपुढें लांकूडफाटा, गोंवऱ्या किंवा कोळसा उभा राहतो. तें सरपण हवेवांचून पेटत नाहीं आणि धूर केल्यावांचून जळत नाहीं. पालघर जिल्ह्यांत, समुद्रकांठीं तारापूर येथें मात्र सन १९६९ मध्यें अशा दोन भट्ट्या सुरू झाल्या कीं, त्यांच्या सरपणास हवाही लागत नाहीं व ज्वाळाही नसते. तें सरपण म्हणजे युरेनियम.

खाणींतून निघालेल्या युरेनियमच्या दर हजार अणूंत अवघे सात अणु न्यूट्रॉनचा आघात होतांच सहज दुभंगणारे असतात. त्यांस युरेनियम-२३५ म्हणतात. अणु दुभंगला कीं उष्णता निघते आणि दोन-तीन नवे न्यूट्रॉन सुटतात; ते दुसऱ्या अणूंस फोडतात. या जातीचें एक किलो युरेनियम पूर्णपणें दुभंगलें, तर अडीच हजार टनांहून अधिक कोळशाची उष्णता मिळते.

परंतु हे न्यूट्रॉन फार वेगानें धांवतात. त्यांस मंद करावें लागतें. साधें पाणी तें काम करितें, पण कांहीं न्यूट्रॉन गिळूनही टाकतें. म्हणून साध्या पाण्याच्या भट्टीस हजारांत सातांचें प्रमाण पुरत नाहीं. तें वाढवून शेंकडा दोन-तीनपर्यंत न्यावें लागतें. असें समृद्ध युरेनियम भुकटीच्या रूपानें दाबून व भाजून बोटाच्या पेऱ्याएवढ्या वड्या करितात, आणि त्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरतात. कारण हा धातु न्यूट्रॉन फारसे गिळीत नाहीं.

येथेंच अडचण उद्भवली. सन १९६३ च्या करारान्वयें तारापूरचें समृद्ध युरेनियम अमेरिका देणार होती. सन १९७४ मध्यें पोखरण येथें स्फोट झाला, सन १९७८ मध्यें अमेरिकेनें नवा कायदा केला, आणि पुढें तो पुरवठा आटला. सन १९८२ मध्यें फ्रान्सशीं करार झाला. त्यानंतर चीन व रशिया यांकडूनही इंधन घ्यावें लागलें. शेजारच्या विस्तवावर जिची चूल पेटते, तिचा स्वयंपाक शेजारणीच्या मर्जीवर अवलंबून राहतो, तसेंच हें झालें.

तारापूरच्याच चौथ्या व तिसऱ्या भट्ट्या अनुक्रमें सन २००५ व २००६ मध्यें चालू झाल्या, त्या जड पाण्याच्या. जड पाणी न्यूट्रॉन फारच थोडे गिळतें. त्यामुळें त्यांस खाणींतलें साधें युरेनियम चालतें. तरीही जादुगुडा इत्यादि देशी खाणींचें खनिज देशांतील सर्व भट्ट्यांस पुरेना, आणि सन २००८ नंतर बाहेरचें युरेनियम पुन्हां आणावें लागलें. परावलंबन कमी झालें, संपलें नाहीं.

शेवटीं राखेचा प्रश्न. चुलींतली राख भांडीं घासण्यास उपयोगी पडते. या भट्टींतून निघालेल्या वड्या मात्र कित्येक वर्षें पाण्याखालीं निवत ठेवाव्या लागतात, व त्यांतील कांहीं द्रव्यें हजारों वर्षें घातक राहतात. सरपण कोठून आणावें याचा विचार शहाणी गृहिणी करितेच. पण राख कोठें टाकावी याचाही विचार ती चूल पेटविण्यापूर्वीं करिते. राष्ट्रासही तोच नियम लागू आहे.