144 शिपाई आणि न वळलेली फळी

आजचा भाग जरा वेगळा आहे. आज इंटरव्ह्यू नाही, पॅकेज नाही, एआय आपली नोकरी खाणार का हेही नाही. आज बोलूया दीड सेंटिमीटरच्या शिपायांबद्दल आणि ते ज्या चकतीवर उभे असतात तिच्याबद्दल. हसू नका, शेवटपर्यंत ऐका. कारण त्या चकतीपायी मी एका खऱ्या लढाईवर आणि तिथे लढलेल्या माणसांवर अन्याय केला होता, आणि ते मला सहा महिने कळलंही नव्हतं.

आधी नवीन लोकांसाठी दोन वाक्यं. मिनिएचर वॉरगेमिंग म्हणजे टेबलावर छोटे सैनिक मांडायचे, पट्टीने अंतर मोजायचं, फासे टाकायचे आणि लढाई खेळायची. बुद्धिबळासारखंच, फक्त चौकटी नाहीत. 'द टाइम मशीन' लिहिणाऱ्या एच. जी. वेल्सने 1913 मध्ये अशा खेळाचे नियम 'लिटल वॉर्स' नावाच्या पुस्तकात छापले होते. म्हणजे हा नाद शंभर वर्षांहून जुना आहे, मी एकटाच वेडा नाही.

आम्ही चौघं मित्र पुण्यात खेळतो. जेवणाच्या टेबलावर सहा बाय चार फुटांचं प्लायवूड टाकतो, झालं मैदान. गेल्या वर्षी ठरलं की युरोपातल्या लढाया पुरे, आता आपल्याकडची घेऊ. निवडली असईची लढाई. 23 सप्टेंबर 1803. जागा आजच्या जालना जिल्ह्यात. एका बाजूला दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघूजी भोसले यांची फौज, दुसऱ्या बाजूला आर्थर वेलस्ली, म्हणजे पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन.

शिंद्यांची पायदळं बनवायचं काम माझ्याकडे आलं. 15 मिलिमीटर स्केल, म्हणजे तळपायापासून डोळ्यापर्यंत साधारण 15 मिलिमीटर. फाइल्स विकत घेतल्या, रेझिनमध्ये प्रिंट करून घेतले. सहा पलटणी, प्रत्येकी 24 शिपाई, एकूण 144.

आता बेसबद्दल. सैनिक आपल्या पायावर उभा राहत नाही, त्याला खाली चकती लागते. मी प्रत्येकाला 15 मिलिमीटर व्यासाची, 2 मिलिमीटर जाडीची गोल एमडीएफची चकती दिली. फेविक्विकने चिकटवला. मग वरची जमीन.

इथे एक गोष्ट सांगतो, कुणाच्या तरी कामाला येईल. मी बघितलेल्या व्हिडिओंमध्ये हिंदुस्थान म्हटलं की पिवळी वाळू आणि वाळकं गवत. अरे, लढाई झाली सप्टेंबरच्या शेवटी, मराठवाड्यात! पाऊस संपत आलेला, गवत हिरवं, माती काळी. मग मी तसंच केलं. बारीक वाळू धुतली, तव्यावर कोरडी केली, चहाच्या गाळणीने चाळली. (गाळणी आता माझीच आहे, आईने परत घ्यायला नकार दिला.) फेविकॉलमध्ये थोडं पाणी, ब्रशने चकतीवर, चकती वाळूत बुडवायची, झटकायची, रात्रभर ठेवायची. दुसऱ्या दिवशी आणखी पातळ फेविकॉलचा एक हात वरून, म्हणजे वाळू सुटत नाही. मग गडद काळपट तपकिरी रंग. तो वाळला की ब्रश जवळजवळ कोरडा करून राखाडी तपकिरी रंग नुसता वरवर फिरवायचा, त्याला ड्रायब्रश म्हणतात. उंच कणांवर रंग बसतो, खोलगट भाग काळा राहतो आणि ढेकळं दिसायला लागतात. शेवटी स्टॅटिक ग्रास, हिरवं जास्त, पिवळं चिमूटभर.

खरी काळी माती वापरून बघितली होती. फेविकॉलमध्ये ती चिखलासारखी एकसंध होते आणि ढेकूळ शिपायाच्या गुडघ्याएवढं दिसतं. दिवाळीच्या किल्ल्याला माती चालते, कारण तिथे मावळे मोठे असतात. इथे वाळूच बरी, रंग आपला.

सहा महिने गेले. ऑफिसनंतर रोज तासभर. 144 शिपाई तयार झाले तेव्हा मी इतके फोटो काढले, इतके कुणी स्वतःच्या साखरपुड्याचे काढत नाही.

आणि मग आम्ही खेळायला बसलो.

लढाईत काय झालं होतं ते आधी सांगतो, त्याशिवाय माझी चूक कळणार नाही. शिंद्यांची कवायती पायदळं कैटना नदीमागे, नदीकडे तोंड करून उभी होती. कैटना आणि जुआ ही नावं इंग्रजांच्या नोंदीतली. पायदळाचा प्रमुख होता पोलमन, हॅनोव्हरचा माणूस. शिपाई सगळे मराठी नव्हते, बरेचसे उत्तर हिंदुस्थानातले. ही कवायती फौज महादजी शिंद्यांच्या काळात उभी राहायला लागली होती.

वेलस्लीने समोरून हल्ला केला नाही. त्याला नदीच्या दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने विचार केला, लोक ये-जा करत असणार, म्हणजे इथे उतार असणार. वाटाडे नाही म्हणत होते, तरी तो तिथूनच पार झाला आणि फौजेच्या बाजूला आला. आता सांगा, हजारो माणसांची रांग दक्षिणेकडे बघतेय आणि शत्रू पूर्वेकडून येतोय. काय करणार?

पोलमनच्या पायदळाने अख्खी फळी 90 अंशात वळवली. तोफांसकट. एक टोक कैटनेकडे, दुसरं टोक असई गावाकडे. हे सोपं नाही मंडळी. रांग वळवताना आतल्या माणसाला जवळजवळ जागेवरच पाय हलवायचे आणि बाहेरच्या माणसाला मोठा वळसा घालायचा, तरी रांग तुटता कामा नये. ते या शिपायांनी शत्रूसमोर केलं. लढाई ते हरले, पण वेलस्लीची दीड हजारांहून जास्त माणसं मेली किंवा जखमी झाली.

आता आमचं टेबल. शिंद्यांच्या बाजूने माझा मित्र, इंग्रजांकडून मी. चार पलटणी पुढे, दोन मागे. मी नदी ओलांडली आणि वाट बघत बसलो की आता हा फळी वळवणार. त्याने टोकाची एक पलटण वळवली. बाकीच्या तशाच, रिकाम्या नदीकडे बघत उभ्या. मी एकेका पलटणीला बाजूने गाठत गेलो. लढाई एकतर्फी. बघणाऱ्या दोघांपैकी एक म्हणाला, "काय येडे होते राव हे शिंद्यांचे लोक."

ते वाक्य मला लागलं. नंतर चहा पिताना मी मित्राला विचारलं, "वळवली का नाहीस? नियमात होतं की."

तो म्हणाला, "अरे, एकेक शिपाई उचलून ठेवायचा. एका पलटणीला सात मिनिटं लागली, त्यात दोन पडले, एकाची बंदूक मोडली. सगळ्या वळवायच्या म्हणजे पाऊण तास. तुम्ही तिघं मोबाइल काढून बसला असतात. म्हटलं, जाऊ दे."

जाऊ दे! म्हणजे त्याच्या डोक्यात चाल बरोबर होती. माझ्या चकत्यांनी ती चाल इतकी कंटाळवाणी करून ठेवली होती की त्याने ती केलीच नाही. आणि आमच्या टेबलावर त्या शिपायांनी जे खरंच करून दाखवलं होतं, तेच पुसलं गेलं.

आपण सॉफ्टवेअरवाले हे रोज बघतो ना? फीचर असतं, पण सात क्लिक लांब असतं. युजर वापरत नाही, आणि आपण मीटिंगमध्ये म्हणतो, युजरला याची गरजच नाही. हाताला त्रास झाला की डोकं तो पर्याय बघायचंच सोडून देतं.

पहिला विचार आला, सगळे उखडायचे आणि सहा-सहा जण एका पट्टीवर चिकटवायचे. तीन उखडले, तिघांचेही घोटे तुटले. रेझिन आणि फेविक्विक, दोघांपैकी रेझिनच आधी हार मानतं. मग शोधता शोधता सापडला सॅबो ट्रे. हा मूव्हमेंट ट्रेचाच एक प्रकार. साध्या ट्रेत चौकोनी बेस शेजारी शेजारी बसतात आणि कडेला पट्टी असते. सॅबो ट्रेत गोल भोकं असतात, प्रत्येक शिपाई आपल्या भोकात. हलवताना अख्खा ट्रे सरकवायचा. एखादा शिपाई पडला की तेवढाच उचलून बाजूला ठेवायचा. काही उखडायला नको.

मी लगेच ड्रॉइंग केलं. चकती 15 मिलिमीटर, भोक 15.5. ट्रॉफी आणि नेमप्लेट करणाऱ्या लेझर कटिंगवाल्याकडून एकदम 24 ट्रे कापून आणले. घरी येऊन शिपाई ठेवला. बसेना. दुसरा, तिसरा, कुठलाच बसेना.

बाबा सोफ्यावर पेपर वाचत होते. बाबा आयुष्यभर चिंचवडच्या एका कारखान्यात फिटर होते. त्यांनी शिपाई हातात घेतला, चष्मा वर केला.

"माप कुठून घेतलंस?"

"बाबा, चकती 15 चीच मागवली होती."

"मागवली होती. आणि त्यावर तू वाळू लावलीस, रंग लावलास. मोजलीस कधी?"

मग कपाटातून त्यांचा जुना व्हर्निअर निघाला. आम्ही दोघांनी तीस चकत्या मोजल्या. 15.3 पासून 15.9 पर्यंत निघाल्या. कडेला वाळू आलेली, रंगाचे थर चढलेले. बाबा म्हणाले, "सगळ्यात जाड्या माणसाच्या मापाने दार करायचं. वर अर्धा मिलिमीटर सोड." म्हणजे भोक 16.4.

पुढचं गणित लिहून घ्या, कुणाला करायचं असेल तर. दोन भोकांच्या मध्यबिंदूंतलं अंतर 19 मिलिमीटर, म्हणजे मध्ये 2.6 मिलिमीटरची भिंत उरते. मी आधी 18 धरलं होतं, त्यात भिंत 1.6 उरत होती आणि एमडीएफ बोटाने तुटलं असतं. तीन भोकांच्या दोन रांगा, ट्रे 60 बाय 40. वरचा थर 2 मिलिमीटर एमडीएफ, म्हणजे चकतीइतकाच जाड, त्यामुळे वरून जमीन सपाट दिसते. खाली पातळ पत्रा, तो ॲरल्डाइटने. डब्याच्या तळाला फ्रिजवर चिकटतात तसली मॅग्नेट शीट, म्हणजे रिक्षाच्या धक्क्यांत ट्रे हलत नाहीत. चार ट्रे शेजारी ठेवले की एक पलटण, 240 मिलिमीटर लांब. तिला एका टोकावर 90 अंश वळवायचं म्हणजे बाहेरचं टोक सुमारे 377 मिलिमीटर फिरतं. दोरीला गाठी मारून ते माप करून ठेवलं.

आणि या वेळी आधी एकच ट्रे कापून आणला. बाबांनी त्यात सहा शिपाई बसवले, ट्रे थोडा तिरका केला, हलवला. "हां. आता बाकीचे कर." तेवीस जुने ट्रे फुकट गेले, ते पैसे माझ्या घाईचे. एक जुना भिंतीवर लावलाय, आठवण म्हणून.

ट्रेवर पुन्हा तीच वाळू, तीच काळी माती, तेच गवत. मागच्या कडेला पलटणीचा नंबर.

दुसऱ्यांदा खेळलो तेव्हा बाबाही येऊन बसले. मी नदी ओलांडली. मित्राने टेबलाकडे बघितलं, दोरी घेतली आणि वळवायला सुरुवात केली. पहिली पलटण, दुसरी, तिसरी. मोबाइलवर वेळ बघितली, साडेचार मिनिटांत सहाही पलटणी माझ्याकडे तोंड करून उभ्या. कुणी काही बोललं नाही. मीही नाही, कारण माझी उजवी बाजू थेट असई गावातल्या तोफांसमोर सापडली होती. खऱ्या लढाईत 74 व्या रेजिमेंटचंही तेच झालं होतं. रात्री साडेअकरापर्यंत खेळलो. शेवटी मी जिंकलो, पण अर्धी फौज डब्यात परत गेली होती.

उठताना बाबांनी मित्राला विचारलं, "हे असं रांगेत वळायचं, खऱ्या लोकांना कोण शिकवायचं रे?" आणि मग अर्धा तास दोघं महादजींच्या कवायतींवर बोलत बसले. मागच्या वेळी ज्याने 'येडे' म्हटलं होतं, तो गपचूप ऐकत होता.

तर आजच्या भागातून एकच घेऊन जा. बेस सजवायला मजा येते, सजवा. पण पहिला शिपाई चिकटवायच्या आधी विचारा की हा हलणार कसा, कुणाच्या हाताने, किती वेळा. उरलेल्या 143 आधी एक करून बघा. आणि समोरचा एखादी साधी गोष्ट करत नसेल, तर त्याला येडा म्हणायच्या आधी बघा की आपण त्याला ती करायला किती अवघड करून ठेवलीय.

मोडलेल्या घोट्याचे ते तीन शिपाई आता जखमी म्हणून मैदानात आडवे असतात. वाया काही गेलं नाही.

चला, भेटू पुढच्या भागात. आणि चहाची गाळणी वेगळी घ्या, आईची वापरू नका!